आभार माझ्याकडे होते

रविवार, २० नोव्हेंबर १९८३. हिंगणघाट. दुपारी मी हॉलमध्ये सतरंज्या घालत होते. चार वाजता आमच्या महिला वाचक मंडळाचा कार्यक्रम होता. मंडळाच्या अध्यक्षा एक वकिलीणबाई, आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणायचो. त्यांच्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन होतं.

मी गुडघ्यांवर बसून सतरंजीची दुमडलेली कड सरळ करत होते, तेवढ्यात ताई पाहुण्यांना घेऊन आल्या. पाहुणे वर्ध्याचे प्राध्यापक. ताईंनी माझ्याकडे बोट केलं.

"सर, ह्याच त्या. माझ्या गंगाची मुलगी."

प्राध्यापकांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे ती ओचा धरणारी पोरगी? आणि आता?"

"आता वडनेरला शिक्षिका आहेत."

"कमाल आहे! उष्ट्या बुंदीवर वाढलेली मुलगी!"

ते हसले. ताईही हसल्या. मी अजून गुडघ्यांवरच होते. माझ्या आईचं नाव गंगा नाही. आणि ती बुंदी मी खाल्लेली नाही.

कादंबरी मी तोवर पाहिलीही नव्हती. आईच्या गोष्टीतलं काहीतरी ताई घेणार आहेत, एवढं माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं. मला बरंही वाटलं होतं.

मंडळाबद्दल सांगते. महिन्यातून एका रविवारी मी वडनेरहून एस.टी.ने यायचे. नेलेलं पुस्तक परत करायचं, नवं घ्यायचं. आमच्याकडे एक रीत होती. पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर आपला अभिप्राय लिहायचा, खाली सही. बहुतेकजणी लिहायच्या, "छान आहे. मन हेलावून गेलं." माझं तसं नसे. एका कादंबरीत कापूस वेचणाऱ्या बाया भर उन्हात हसत गाणी म्हणत होत्या. मी लिहिलं, "लेखकाने एकदा बोंडाला हात लावून बघावा. टोकं नखात शिरतात. मग गाणं सुचतं का ते कळवावं." बालसंगोपनाच्या एका पुस्तकात मुलाला रोज एक संत्रं, एक अंडं, दोन पेले दूध द्या असं होतं. मी लिहिलं, "कुणाच्या मुलाला?" आमच्या समाजातल्या एका माणसाने लिहिलेलं आत्मकथन आलं तेव्हा सगळ्या रडल्या. मी रडले नाही. मी ते मिटलं, भाकरी टाकल्या, मुलांना वाढलं आणि मग पुन्हा उघडलं. लिहिलं, "यात रडण्यासारखं काही नाही. यात संताप येण्यासारखं आहे."

ताईंना माझे अभिप्राय आवडायचे. म्हणायच्या, "बाई, तुम्ही बोलता ना, तेव्हा मला खरं जग दिसतं." मला घरात बसवायच्या. सगळ्यांच्याच कपात चहा द्यायच्या. मी त्यांना आईबद्दल सांगितलं ते तिथंच. दुसऱ्या कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

तरी एक गोष्ट होती. स्वागत, परिचय, भाषण ही कामं मंडळात फिरती होती. आभार मात्र फिरत नव्हते. आभार आणि सतरंज्या माझ्याकडे.

कार्यक्रम सुरू झाला. प्राध्यापक म्हणाले, सर्वांत हृदयद्रावक प्रसंग वाचून दाखवतो. मालगुजाराच्या घरचं लग्न. पंगती उठल्यात. पत्रावळी उचलायला आलेली गंगा ओट्याखाली पदर पसरून उभी. शेजारी तिची लहान मुलगी परकराचा ओचा धरून. मालकीणबाई वरून उष्टी बुंदी टाकते. गंगाच्या डोळ्यांत पाणी. ती लेकीला भरवते. मालकीणबाईला दया येते. ती आतून एक हिरवं लुगडं आणून देते. गंगा ओट्यावर डोकं टेकते, "मायबाई, तुमच्या मिठाला जागीन."

हॉलमध्ये नाकं ओढली जात होती. पहिल्या रांगेतल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले.

आता खरं काय झालं ते. मी नऊ-दहा वर्षांची होते. आम्ही अजून बौद्ध झालो नव्हतो. मालकीणबाई आमच्या जातीच्या नावानेच हाक मारायची. आईने पदर पसरला होता, हे खरं. मालकीणबाईने बुंदी टाकली, हेही खरं. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्या पोरीलेबी ओचा धराले शिकव. तुह्यामागं हेच येईन."

मी खरंच परकर उचलला. आईने माझ्या हातावर फटका मारला. पदर झटकला. बुंदी धुळीत पडली, कुत्री धावली. ओट्यावरून मालकीणबाई ओरडली, "मस्ती आली का वो?" आईने माझं मनगट धरलं आणि चालू लागली. रात्री घरात काही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागली. त्या ओट्याकडे पुन्हा गेली नाही. मला शाळेत घातलं ते त्याच साली.

हे सगळं मी ताईंना सांगितलं होतं. फटक्यासकट.

माझं नाव पुकारलं. "आता बाई आभार मानतील."

मी माईकशी गेले. यादी हातात होती. अध्यक्ष, पाहुणे, माईकवाला, फुलवाला. मी म्हटलं, "आत्ता वाचलं ती माझी आई. तिने ते खाल्लं नाही. मला भरवलं नाही. लुगडं कुणी दिलं नाही, तिने घेतलं नाही. तिने पदर झटकला. मी शेजारी उभी होते. मी आज आभार मानणार नाही. चहा मागच्या खोलीत आहे."

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे चहाला गेले मात्र.

ताई माझ्यामागे व्हरांड्यात आल्या. चिडल्या नव्हत्या. समजावत होत्या, ते जास्त लागलं.

"बाई, ही कादंबरी आहे. थोडं बदलावं लागतं."

"नाव बदला. गाव बदला. तिने पदर झटकला हे काऊन बदललं?"

"खरं सांगू? वाचकांना पटलं नसतं. त्या काळी तुमच्यातली बाई असं करेल, हे खरं वाटत नाही हो."

"मी सांगितलं तेव्हा तुम्हाला खरं वाटलं होतं?"

ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मला तुमच्याबद्दल किती आपुलकी आहे, तुम्हाला माहीत आहे." म्हणजे नाही. इतकी वर्षं समोर बसून चहा पीत माझं ऐकलं, आणि मनात म्हणत होत्या, फुगवून सांगते आहे.

मी त्यांच्या हातातली प्रत मागून घेतली आणि आईकडे गेले. आई जिनिंगजवळच्या आमच्या पुऱ्यात, जुन्या वस्तीतच राहते. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला ती पानं वाचून दाखवली. तिचे हात थांबले नाहीत.

"म्या खाल्लं म्हंते थे?"

"हो."

"अन् लुगडंबी घेतलं?"

"हो."

"कोन्या रंगाचं?"

"हिरवं."

"घ्या! हिरवं लुगडं नेसली मी, अन् मलेच पत्ता नाई." ती हसली. मग हसणं संपलं. "काऊन वो, तुले लिवता येते ना?"

"येते."

"सरकार त्याचाच पगार देते ना?"

"हो."

"मंग माही गोष्ट थ्या बाईच्या हाती काऊन देल्ली?"

तिने शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. दोघींनी मिळून सोलल्या.

सोमवारी सकाळी मी वडनेरच्या गाडीआधी मंडळाच्या खोलीवर गेले. झाडणारी बाई नुकतीच कुलूप काढत होती. नव्या कादंबरीच्या मंडळाच्या प्रतीवर नंबर पडला होता, कपाटात दर्शनी लावली होती. ती काढली. शेवटचं पान कोरं होतं. पहिला अभिप्राय माझा. पेनाने लिहिलं:

"लग्नाचा प्रसंग खोटा आहे. त्या बाईने पदर झटकला आणि लेकीला घेऊन निघून गेली. लेखिकेला हे माहीत होतं."

खाली पूर्ण नाव लिहिलं. माझं आणि आईचं. तिचं खरं.

शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडं ठेवलं. मग होतं तिथंच, दर्शनी लावलं. झाडणारी बाई म्हणाली, "मॅडम, पुढच्या मयन्यात सतरंज्या कधी काढून ठिवू?"

"मला विचारू नका. ताईंना विचारा," मी म्हटलं. "मी येणार आहे. बसायला."