दोरी कुठे आहे?

नाना परबांना काहीही सांगायला गेलं की ते आधी विचारायचे, "बघितलंस काय आयकलंस?" नळाला पाणी आलं म्हटलं तरी हेच. चाळीतल्या बायका वैतागायच्या, मीही वैतागायचे. मरोळच्या आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत ते एकटे राहायचे. जन्मभर पोस्टमन होते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पत्रंही तेच वाचून दाखवायचे.

माझा मुलगा सुरेश वेल्डर. त्याचा कारखाना बंद पडला होता. तेवढ्यात इराण-इराकची लढाई थांबली आणि एका एजंटाने त्याला इराकमधल्या बसऱ्याची नोकरी सांगितली. शहर पुन्हा बांधतायत, खोलीला कूलर आहे, जेवण फुकट. मी चौथी शिकलेली. पेपर वाचायला घेतला, तर एक दिवस तिथे सगळं सुरळीत आणि दुसऱ्या दिवशी सगळं पडलेलं. रेडिओवर नुसत्या मंत्र्यांच्या भेटीगाठी. माझा मुलगा झोपणार कुठे, पाणी कुठलं पिणार, हे कोणी सांगेना. मला घास उतरेना. शेवटी नानांकडे गेले. मालाडचा आमच्या ओळखीतला एक फिटर तिथे आहे, मजेत असल्याची त्याची पत्रं येतात, असं सांगितलं.

नाना म्हणाले, "वैनी, इतकी वर्षं पत्रं वाटली मी. सगळ्यांची पहिली ओळ एकच. इकडे सर्व खुशाल. माणूस रजेवर आला की कळव. तोंड बघू त्याचं."

तो आला, तेव्हा आम्ही दोघं मालाडला गेलो. घरात नवा टेपरेकॉर्डर लागलेला, मेहुणे भोवती बसलेले, बायको सरबत देत होती. तो म्हणाला, एकदम झकास आहे, आपल्यापेक्षा रस्ते रुंद. मला हलकं वाटलं. मी उठले. नाना उठले नाहीत.

"संडासला कुठे जायचास रे?" त्यांनी विचारलं.

सगळे हसले. मला लाज वाटली. तोही हसत म्हणाला, "कॅम्पच्या मागे. दोरीच्या आत."

"दोरी कसली?"

त्याने बायकोकडे बघितलं आणि टेप बंद केला. "पलीकडे सुरुंग आहेत. अजून काढतायत."

बायकोने ट्रे खाली ठेवला. तिने त्याची सगळी पत्रं डब्यात जपून ठेवली होती. एकातही दोरी नव्हती.

परतताना मी नानांवर चिडले. म्हटलं, कळलं नसतं तर निदान झोप तरी लागली असती. ते म्हणाले, "तुला लागली असती. पोराने दोरी ओलांडली असती."

सुरेशने ऐकलं नाही, तो गेलाच. जायच्या आधी नानांनी त्याला समोर बसवलं. पत्र त्यांच्या नावाने घालायचं, कारण आईला कोणी खरं लिहीत नाही. खुशाली लिहायची नाही. पाणी कुठलं, जेवलास काय, दोरी कुठे आहे, एवढंच लिहायचं.

तशी पत्रं आली. पाणी टँकरचं. आठवडाभर डाळच. दोरी खोलीपासून साठ पावलांवर. पुढच्या पत्रात दोरी शंभर पावलांवर गेली, त्या दिवशी मी पोटभर जेवले. नाना पत्र वाचून माझ्या हातात द्यायचे. काळजी करू नकोस असं एकदाही म्हणाले नाहीत. आधी त्याचा राग यायचा. नंतर त्याच माणसाकडे बसावंसं वाटायचं.

फाल्गुनात नाना गेले. सकाळी दार उघडलं नाही म्हणून आम्ही तोडलं. मी सुरेशला कळवलं.

त्यानंतर त्याचं पत्र आलं, ते माझ्या नावाने. पहिली ओळ, इकडे सर्व खुशाल. दुसरी, तू काळजी करू नकोस. मी ते दोनदा वाचलं. मागे उलटून बघितलं. दोरीचं काही नव्हतं.

मी पोस्टातून परदेशी टपालाचा निळा कागद आणला आणि माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, "सुरेश, नाना नाहीत, पण मला वाचता येतं. दोरी कुठे आहे ते बघून लिही."