मागचे अंक आणि टेबल टेनिस

लायब्ररीतले किस्से मागच्या अंकांसारखेच असतात. एक काढायला जावं तर वरचे चार अंगावर येतात! कर्जतच्या आमच्या कॉलेजात नियतकालिकांच्या खोलीत मी बरीच वर्षं काउंटरवर बसलो. पण जमलेल्या किश्शांपैकी निम्मे एकाच हिवाळ्यातले, सत्तरच्या दशकातले. कारण त्या हिवाळ्यात आमची खोलीच जाणार होती.

संस्थेचे सेक्रेटरी बापूसाहेब एके दिवशी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "इथं टेबल टेनिसचं टेबल छान बसेल. मागचे अंक वाचतं कोण? संक्रांतीपर्यंत बघतो, नाहीतर सगळं रद्दीत!"

आमचे ग्रंथपाल म्हात्रेसर शांतपणे म्हणाले, "बघा."

त्या दिवसापासून जो कोणी जो अंक मागेल तो मिळालाच पाहिजे, असं आम्ही ठरवलं. गावातल्यांनाही बसून वाचायची मुभा होतीच.

* * *

पहिले आले कळंबचे एक शेतकरी. खेकडे खाचराचे बांध पोखरतात, त्यावरचा उपाय शेतीच्या एका मासिकात आला होता. तो अंक त्यांना हवा होता.

"कोणत्या महिन्याचा?" मी विचारलं.

"म्हस याली तवाचा."

"म्हैस कधी व्याली?"

"पोराच्या साखरपुड्याला."

"आणि साखरपुडा?"

"लग्नाच्या आदी!"

म्हात्रेसरांनी मला बाजूला सारलं. "शेतात काय चाललं होतं हो?"

"भाताची झोडणी."

"म्हणजे डिसेंबर. मुखपृष्ठावर काय होतं?"

"कोंबडी."

सरांनी गेल्या काही वर्षांचे डिसेंबर टेबलावर मांडले. तिसऱ्यावर कोंबडी होती! तेव्हापासून आम्ही कुणालाही तारीख विचारली नाही. "शेतात काय होतं?" एवढंच विचारायचो. मुंबईहून बदली होऊन आलेल्या बँक मॅनेजरलाही सवयीने हेच विचारलं. ते म्हणाले, "शेतात? आमचा गॅलरीत एक मनी प्लँट होता!"

* * *

अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांना इंग्रजी जर्नलचा जुना, जाड, लाल अंक हवा होता. आम्ही दोन दिवस कपाटं उपसली. तिसऱ्या दिवशी आमचे शिपाई सखारामभाऊ प्राध्यापकांना चहा द्यायला स्टाफरूममध्ये गेले आणि अंक घेऊनच परतले. तो प्राध्यापकांच्याच डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होता!

मागोमाग प्राध्यापक आले. आम्हाला वाटलं, आभार मानतील.

"सखाराम, चहा सांडतोय रे! आता पायाखाली काय घालू?"

"थांबा सर," सखारामभाऊ म्हणाले, "पुढच्या वर्षीचा अंक यायचा हाय. तो बी जाडच असतो."

* * *

नेरळच्या एक बाई अर्धवट विणलेला स्वेटर घेऊन आल्या. पाठ-पोट झालं होतं, बाह्या राहिल्या होत्या. नमुना स्त्रियांच्या एका मासिकातला. अंक आम्ही चटकन काढला. विणकामाचं पान मात्र ब्लेडने अलगद कापून नेलेलं!

बाई रडकुंडीला आल्या. "आवो, भाच्याची मुंज आली! बिनबाह्यांचा देऊ का?"

इतक्यात सहज फेरी मारत प्रिन्सिपॉल आत आले. अंगात नवा स्वेटर.

बाई ताडकन उठल्या. "ह्योच! ह्योच नमुना!" आणि त्यांनी प्रिन्सिपॉलांचा हात धरून टाके मोजायला सुरुवात केली.

प्रिन्सिपॉल हात लांब करून उभे. "मिसेसनी विणलाय," एवढंच म्हणाले.

"हलू नका, पुन्यांदा मोजायला लागंल!"

दुसरा हातही मोजून झाल्यावर प्रिन्सिपॉलांनी शेरा लिहून दिला, 'मागचे अंक अत्यंत उपयुक्त आहेत.' आम्ही तो बापूसाहेबांना दाखवला.

"प्रिन्सिपॉलांच्या बाह्या मोजल्या म्हणून खोली वाचत नाही," ते म्हणाले.

* * *

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बापूसाहेब भिसेगावच्या गणू रद्दीवाल्याला घेऊनच आले. बाहेर रिकामी हातगाडी लागली. गणू सुतळीने गठ्ठे बांधू लागला. म्हात्रेसर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

थोड्या वेळाने सुतळीचा आवाज थांबला. गणू गठ्ठ्यावर बसून एक क्रमशः कादंबरी मोठमोठ्याने, अक्षर लावत वाचत होता.

"ओ सर! ह्यो दीर तिला विहिरीत ढकलतोय आन् खाली 'क्रमशः'! फुडचा अंक काढा ना!"

सर वळले. नुकताच बांधलेला गठ्ठा त्यांनी सोडला आणि पुढचा अंक काढून दिला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्याही पुढचा.

"अरे, तू बांधायला आलायस की सोडायला?" बापूसाहेब ओरडले. पण त्यांनीही खुर्ची जरा जवळ घेतली होती.

शेवटचा भाग मात्र आमच्याकडे नव्हता. तो अंक टपालात गहाळ झाला होता. गणू उठला आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

"आता हा कुठं गेला?" बापूसाहेबांनी विचारलं.

दुपारी गाडी परत आली. काठोकाठ भरलेली!

"गोदामात गावला शेवटला भाग," गणू घाम पुसत म्हणाला. "शोधताना ह्ये बाकीचं बी दिसलं. तुमच्या कपाटात मधल्या जागा रिकाम्या हायत ना, त्यातलंच असंल." आणि तो गठ्ठे आत आणू लागला.

"अरे, मी तुला न्यायला बोलावलं होतं!"

"नेतो की. आदी लावून तर होऊ द्या."

बापूसाहेबांनी गाडीकडे पाहिलं, गणूकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो शेवटचा... वाचलास?"

"वाचला. पर सांगनार नाय."

बापूसाहेबांनी अंक उचलला, बगलेत मारला आणि दाराकडे निघाले. दारात सखारामभाऊ आडवे उभे राहिले.

"बापूसाहेब, मागचा अंक घरी नेता येत नाय. हितंच बसून वाचायचा."

बापूसाहेबांनी खुर्ची ओढली.