सगळ्या स्टँडचा एक स्कोअर

माणूस गेल्यावर त्याच्या कर्जाच्या स्कोअरचं काय होतं? फायनान्सच्या ऑफिसात काउंटरवरच्या पोरीला विचारलं, मॅनेजरला विचारलं. "बाजूला व्हा, मागं लाईन हाय," एवढंच!

मी सातवीत शाळा सोडली. आमच्या मार्केट यार्डाबाहेरच्या टेम्पो स्टँडवर कांद्याचं भाडं मिळेपर्यंत नुसतं बसायचं असतं, त्यामुळं किस्से पोत्यानं साठतात. निम्मे माझ्या थोरल्या भावाचे, सिद्रामदादाचे.

*

दादा दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. स्वतःचा घ्यायचा, तोही निळाच, म्हणून कर्ज मागायला गेला. साहेब म्हणाले, "तुमचा स्कोअरच नाही. आजवर एकही कर्ज घेतलं नाही तुम्ही."

"म्हंजे कुणाचं बुडवलं न्हाय की!"

"घेतल्याशिवाय तुम्ही फेडता का, ते आम्हाला कसं कळणार?"

स्टँडवरचे रफिकचाचा दिवसभर हसत होते. "शरीफ आदमी कू पैले उधारी करना पडता क्या रे!"

*

मग दादानं हप्त्यावर मोबाईल घेतला. हरेक हप्ता तारखेच्या आधी. स्कोअर असा चढला, की दादानं सगळ्या स्टँडला भजी चारली. तिथंच घात झाला! आमच्यात एकाचा जॅक म्हणजे सगळ्यांचा जॅक. स्टँडवरच्या नागेशचा मोबाईल दादाच्या नावावर, चाचांच्या लेकीचा फ्रिज दादाच्या नावावर. "तुजा स्कोअर हाय की, सिद्राम!" जणू स्टेपनीच मागतायत!

*

गड्ड्याची जत्रा आली आणि नागेशचा हप्ता पोरांच्या आकाशपाळण्यात गेला. पुढच्या महिन्यातलाही. दादाकडंही तेव्हा पैसे नव्हते. डाग लागला तो दादाच्या नावाला!

मी नागेशची कॉलर धरली. दादानं मला मागं ओढलं आणि त्याला विचारलं, "पोरं भ्याली न्हाईत नव्हं पाळण्यात?"

*

तरी दादा टेम्पोसाठी एका दिवसात चार ऑफिसं फिरला. प्रत्येकानं अर्ज घेतला, स्कोअर बघितला. आणि त्या बघण्यानंच तो अजून उतरला!

दादा पहिल्यांदाच चिडला. "चार पाव्हण्यांनी बघितली म्हणून पोरगी बुटकी होती व्हय, साहेब?"

साहेब म्हणाले, "सिस्टिम आहे."

*

दादा मालकाचा जुनाच टेम्पो चालवत राहिला. ब्रेक लागत नाहीत, हे मालकाला सांगून झालं होतं. तुळजापूरच्या घाटात ते लागले नाहीत.

दहाव्याच्या दिवशी वसुलीवाला दारात. "सिद्राम यांना बोलवा. हप्ते थकलेत."

मी त्याला दंडाला धरून आत नेलं, हार घातलेल्या फोटोपुढं उभं केलं. "तुमीच बोलवा! तुमच्या हाकेनं आला तर डबल भरतो!"

तो चप्पल न घालताच पळाला.

त्याच आठवड्यात नागेशनं मोटारसायकल विकली. चाचांनी शेळ्या विकल्या. सगळे हप्ते फिटले. त्या दिवशी स्टँडवर भाडं आलं तरी कुणी उठलं नाही.

*

दादाचा मोबाईल मी अजून रिचार्ज करतो. परवा स्टँडवर तो वाजला. पलीकडं फायनान्सची पोरगी, लई खुशीत होती. "अभिनंदन सर! तुमची सगळी कर्जं क्लिअर झाली, स्कोअर सुधारलाय. आमच्याकडं टेम्पोसाठी खास ऑफर आहे. सिद्राम सरच बोलताय ना?"

नागेश आणि चाचा माझ्याकडं बघत होते.

"व्हय," मी म्हणालो.

"कुठल्या रंगाची गाडी बघताय, सर?"

"निळी," मी सांगितलं, आणि फोन ठेवला.