सड्यावरची बाई

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर एकच प्रश्न विचारत आले आहे — आदल्या रात्री जेवलात काय? वीस वर्षं नर्सचं काम केल्यावर माणूस अपचन आणि ताप यांच्यापलीकडे फारसं शोधत नाही. म्हणून खालची हकीकत लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं. नावं बदलली आहेत, गावाचं नाव देत नाही. कारण पुढे कळेल.

त्या वेळी मी रत्नागिरीत फिरत्या दवाखान्यावर होते. गाडी म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच — आत कपाटं, स्टोव्ह, एक खाट, औषधांची बर्फपेटी. गावात शिरलो की पोरं ओरडायची, "घर आलं, घर आलं!" आम्ही तिघं. डॉक्टर पुण्याचे, नुकतेच लागलेले. ड्रायव्हर गनीभाई, पूर्वी बोटीवर होते. आणि मी.

शिमग्याला पंधरा दिवस होते. सकाळी सहाला निघालो, हातखंब्याला चहा घेतला, पालीवरून लांज्याच्या पुढे गेलो. दोन गावं उरकली. तिसऱ्या गावाला जाताना मोठा सडा लागतो — नुसता काळा कातळ, झाड म्हणून नाही. दुपारचे तीन वाजले होते. मी वेळ पाहिली, कारण डॉक्टर भूक लागली म्हणून कुरकुरत होते.

वाटेत एक बाई उभी. हात वर करून गाडी थांबवली. पंचविशीची, हिरवं लुगडं, डाव्या कानाची पाळी तुटून दोन भाग झालेले. मी दार उघडलं.

"बाय, माज्या मानसाला फुरसं चावलंय. खालच्या वाडीत."

"कधी?"

"सकाळी. कवळ तोडताना."

"बस गाडीत."

"मी पायवाटेनं उतरते. तुमी वळसा घालून या... बिगीनं या."

"अगं, पण घर कुठलं? नाव काय त्याचं?"

तिनं पदराचं टोक दातांत धरलं. आता बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मला काय नवीन नव्हतं. केसपेपर लिहिताना रोजचाच ताप. मी दरडावलं, "माणूस मरायला टेकलाय आणि लाजतेस काय? खूण तरी सांग."

"ज्यानं लंका जाळली, तो."

"मारुती!" गनीभाई पुढून ओरडले. नमन-खेळ्यांतल्या रामायणाच्या सोंगांचे भारी शौकीन. "सिस्टरबाई, मारुती!"

तिनं मान खाली घातली आणि कातळाच्या कडेनं खाली उतरून गेली.

वळसा घालून वाडीत पोचायला आम्हांला वीस मिनिटं लागली. अंगणात पाच-सहा माणसं गप्पा मारत बसलेली. कुणाच्या तोंडावर काळजी नाही.

"मारुतीचं घर कुठलं? त्याच्या बायकोनं पाठवलंय आम्हांला."

सगळे हसायलाच लागले. एक म्हातारा म्हणाला, "मारुतीला बायको? बाय, नावापरमानंच हाय तो! लगीन नाय, काय नाय. एकटाच ऱ्हातो त्या टोकाच्या घरात."

"सकाळपासून पाहिलंत त्याला?"

हसणं थांबलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

तो घरामागच्या गोठ्यात पडलेला सापडला. बाजूला कवळाचा, तोडलेल्या ओल्या डहाळ्यांचा भारा. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांची भूक कुठल्या कुठे पळाली. पोरगा कामाला चोख होता. बर्फपेटीतली सापाच्या विषावरची लस काढली, मी हात धरला, इंजेक्शन दिलं. "आणखी दोन तास गेले असते तर संपलं होतं," डॉक्टर म्हणाले. त्याला गाडीतल्या खाटेवर घातलं आणि रत्नागिरीला न्यायचं ठरलं.

तेवढ्यात शेजारच्या घरातली सुईण आली. "बाय, आल्यासारखं आमची बाळंतीण बगा. काल रातीपासून अंग तापलंय."

बाळंतिणीचा नवरा ओटीवर विडी ओढत बसला होता. मी आत गेले. खोलीत अंधार, शेगडीची धग. बाजेवर पोर घेऊन ती निजली होती. डाव्या कानाची पाळी तुटलेली.

मी कंदील जवळ आणायला लावला. तीच.

"ही आज बाहेर गेली होती?"

"बाहेर?" सुईण माझ्याकडे बघतच राहिली. "सुवेर हाय, पाचवा दिस आज. तिला उठून बसवत नाय. चार दिवस उंबऱ्यात निजतेय मी, मला वलांडून जाईल होय?"

"तीन वाजता?"

"शेक देत होते तिला."

बहीण? नाही. चुलत, मावस, कुणी सारखी दिसणारी? नाही. सड्यावरून वाडीत उतरायला धडधाकट माणसाला अर्धा तास लागतो. मी थर्मामीटर लावला. एकशे तीन. नाडी मोजली, औषध काढलं, सुईणीला पाणी आणायला पाठवलं.

सुईण बाहेर जाताच तिनं डोळे उघडले. "बाय... वाचंल?"

कोण, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. "वाचेल," म्हटलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर आले तर गाडीभोवती सगळी वाडी जमलेली. तिचा नवराही. म्हातारा विचारत होता, "पर तुमाला सांगितलं कुनी? कुनाची बायको म्हनालात?"

डॉक्टरांनी उत्साहानं तोंड उघडलं, "अहो, एक बाई होती, तिच्या कानाला —"

"गुराखी होता," मी म्हणाले. "सड्यावर. बायकोचं मीच गृहीत धरलं. चला डॉक्टर, उशीर होतोय."

गनीभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

पालीपर्यंत डॉक्टर फुगून बसले होते. मग म्हणाले, "सिस्टर, तुम्ही धडधडीत खोटं बोललात."

"पेशंट वाचला ना? आता सांगणारीलाही वाचू द्या."

मारुती बरा झाला. बाळंतिणीचा ताप उतरल्याचंही पुढच्या फेरीत कळलं. त्या दोघांत काय होतं, की काहीच नव्हतं, ही माझ्या खात्यातली गोष्ट नव्हे. मला छळतं ते दुसरंच. सड्यावर मी दार उघडलं तेव्हा ती हातभर अंतरावर होती आणि धापा टाकत होती. घाम मी डोळ्यांनी पाहिला. आणि तासाभरानं तिचंच मनगट धरून नाडी मोजली, तेव्हा तिला कूससुद्धा धड बदलता येत नव्हती. यांतलं एकही खोटं म्हणायला मी तयार नाही. दोन्ही खरं कसं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.