लंगडी चाल

वामन गेला त्या सकाळी त्याच्या पोरीचा, करुणाचा, फोन आला. "काका, बाबा गेले." माझ्या तोंडून 'अरेरे' निघालं नाही. मी विचारलं, "कॉम्प्युटर कोनाकडं आहे आता?" "माह्याचकडं," ती म्हणाली. मग मी टोपी घातली आणि मयतीला निघालो. ज्यांना राग येतो त्यांना येऊ द्या. वामनला आला नसता.

आर्णीत आमची बँड पार्टी. मालक तो, ट्रम्पेट त्याचं. मी गळ्यात ड्रम अडकवून त्याच्या मागं. लहानपणी बैलगाडीवरून पडलो तेव्हापासून माझा डावा पाय आखूड आहे. वरातीत चालताना तो जरा उशिरा पडायचा, आणि ड्रमचा दुसरा ठोकाही त्याच्याबरोबर उशिरा पडायचा. त्या उशिरावर लोक वेडे व्हायचे. रुसून बसलेला जावई उठून नाचायचा. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण असा हात उभ्या जिल्ह्यात दुसऱ्याचा नाही, हे तेव्हाही सांगायचो, आताही सांगतो.

मग खर्र्यानं, त्या तंबाखू-सुपारीच्या घोट्यानं, वामनचं तोंड आवळत आणलं. घास जाईना, तर ट्रम्पेट कुठून वाजणार? मी भेटायला गेलो आणि म्हटलं, "फुंक ना बे आता!" त्याची बायको तोंडाला पदर लावून आत गेली. वामन उघडतील तेवढ्या ओठांतून हसला. "तू पयले सरळ चालून दाखव," म्हणाला. आमचं असंच होतं. कोणाचं कुठं दुखतं हे दोघांनाही ठाऊक, आणि हात नेमका तिथंच जायचा.

फुंकणं सुटलं तेव्हा त्यानं एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि करुणाकडून त्यावर सुरावट लिहायला शिकला. पडद्यावर सूर मांडायचे, वर लयीचा आकडा टाकायचा, की ते यंत्र गाणं वाजवून दाखवतं. वरातीचा आकडा वेगळा, हळदीचा वेगळा. पण नुसत्या आकड्यानं सगळं पोलिसांच्या परेडसारखं वाजायचं. त्यात आणखी एक सोय होती, दुसरा ठोका किती मागं सरकवायचा याची. वामन त्याला झोल म्हणायचा. त्यानं मला बोलावलं, खुर्चीवर बसवलं, पुढं ड्रम ठेवला, ड्रमला कॉम्प्युटरचा माईक लावला. मी वाजवलं. त्यानं पडद्याकडं पाहिलं. "झोल शून्य," म्हणाला. मग अंगणात चालत वाजवायला लावलं आणि परत पाहिलं. पार्टीतले सगळे पोट्टे भोवती उभे होते. "पाहा रे," तो त्यांना म्हणाला, "याच्या हातात काहीच नाही. सारं पायात आहे."

पोट्टे हसले. जन्मभर ज्या हाताची मिजास केली, तो हात एका वाक्यात गेला. मी म्हटलं, "मंग पाय काय तुह्या बापाचा आहे? माहं नाव टाक तिथं, किसन ठेका." त्यानं त्या झोलाला नाव दिलं आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं... 'लंगडी'. "चाल आहे न बे ती," म्हणाला. "तुही चाल."

पुढं माझा दुसरा गुडघाही गेला. "आता दोनी पाय सारखे झाले, झोल सरला तुहा," हे त्याचं सांत्वन. माझ्या जागी त्यानं माणूस ठेवला नाही. बँडच्या गाडीवर कॉम्प्युटर चढला आणि ड्रम त्यातूनच वाजू लागला, माझ्या लंगडण्यासकट. उमरखेडच्या पार्ट्यांनीही ती चाल 'लंगडी' म्हणूनच मागून नेली. मी गाडीच्या कडेला बसून माझाच पाय ऐकायचो. शेवटचा भेटलो तेव्हा वामनला बोलणंही जड जात होतं. "आता तरी 'किसन ठेका' लिही," मी म्हटलं. "तुले काय सोबत न्यायचं आहे?" त्यानं मान हलवली. "मी जित्ता आहो तोवर नाही."

आता तो जित्ता नव्हता. तेरावं उलटल्यावर मी करुणाकडं गेलो. तिनं काही वाद घातला नाही, लंगडी पुसलं, किसन ठेका लिहिलं. मी ते तिच्याकडून वाचून घेतलं आणि घरी येऊन पोटभर जेवलो.

मग महागावचं लग्न आलं. वरात चौकात पोचली. करुणा गाडीवर कॉम्प्युटरपाशी, मी नेहमीसारखा कडेला. नवरदेवाचा मामा हात वर करून ओरडला, "लंगडी होऊ द्या!"

"ते नाही आमच्याकडं," करुणा म्हणाली. "किसन ठेका आहे. लावू?"

"कोन किसन? किसन-बिसन नको बाप्पा, लंगडी लावा!"

नाचणारे थांबले. पोट्ट्यांनी ट्रम्पेटं खाली घेतली. कोणीतरी म्हणालं, हा बँड कायले आणला, ढोल-ताशाची धुमाल पार्टी सांगायची होती. करुणानं माझ्याकडं पाहिलं.

"लाव," मी म्हटलं.

"कोनती, काका?"

तिला कळलं नव्हतं असं नाही. मान किंचित तिरपी, डोळे माझ्यावर, ओठ मिटलेले. माहीत असलेली गोष्ट समोरच्याच्या तोंडून वदवून घ्यायची, ही वामनची खोड. बाकीचा वामन माझ्यासमोर जळाला होता. ही तेवढी त्या पोरीच्या तोंडावर बसून माझी वाट पाहत होती.

"लंगडी," मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं, काका."

"लंगडी!" मी भर वरातीत ओरडलो, आणि महागावचा चौक नाचायला लागला.