लाल पेनानं खोडलेला निबंध

आमची पोरगी परदेशी शिकायला जाणार, हे मी ऑफिसात आधी सांगून टाकलं. तिला नेमकं काय शिकायचंय हे घरी नंतर विचारलं. माझा स्वभावच तसा. आधी ठरवायचं, मग विचारायचं, आणि कुणी वेगळं काही बोललं की आवाज चढवायचा.

तिला बियाणं शिकायचं होतं. म्हणजे पिकाच्या नव्या जाती कशा तयार करतात, ते. ॲग्रीची पदवी झालेली, मार्क चांगले, आणि हॉलंडमधली एक युनिव्हर्सिटी तिची तिनंच शोधलेली. तिथं मिरचीवर कोण काम करतं, कोणत्या सत्राला कोणते विषय, सगळं एका वहीत उतरवून ठेवलं होतं. मी म्हणालो, "धावड्याला शेतावर जे करून राह्यलो, तेच करायला विमानात बसून जायचं का?"

"तेच न्हाई पप्पा," ती म्हणाली. "ते तसं का होतं, ते शिकायला."

धावड्याला आमचं शेत आहे. मी नोकरीपायी जालन्यात, बायको शेतावर. हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट असतो. उद्या फुलणारी कळी आदल्या संध्याकाळी हेरायची, चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग तिला लावायचा आणि खूण म्हणून देठाला रंगीत दोरा बांधायचा. कोणती कळी उद्या फुलणार, हे माझ्या बायकोला नुसतं बघून कळतं. कसं कळतं विचारलं तर म्हणते, "दिसतंय की!" पोरगी शाळेत होती तेव्हापासून दोऱ्याचा डबा घेऊन तिच्या मागं मागं असायची.

अर्जासोबत एक निबंध लागतो. हाच विषय का, हीच युनिव्हर्सिटी का, ते आपल्या शब्दांत लिहायचं. पोरीनं चार दिवस बसून लिहिला आणि मोठ्या हौसेनं छापून माझ्यापुढं ठेवला. मी लाल पेन घेऊन बसलो. सगळा जन्म लोकांचे अर्ज तपासण्यात गेलेला माणूस मी! पहिलाच परिच्छेद वाचला आणि डोकं फिरलं. त्यात शेडनेट, चिमटा, दोऱ्याचा डबा आणि आई. आई किती शिकली, तेसुद्धा. चौथी.

"अगं, तू मजुराची पोरगी हायेस का?" मी ओरडलो. "ते लोक काय म्हणतील? हे बिलकुल चालणार न्हाई." अख्ख्या परिच्छेदावर रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'हे काढ.'

ती म्हणाली, "पप्पा, तेवढंच खरं आहे त्यात." एवढंच. तिचा आवाज कधी चढत न्हाई. तो तिच्या आईचा गुण.

संभाजीनगरला परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं एक ऑफिस होतं. तिथल्या माणसानं तासाभरात दुसरा निबंध काढून दिला. लहानपणापासून विज्ञानाची आवड, जगाची भूक मिटवण्याचं स्वप्न, असली गुळगुळीत इंग्रजी. मला तर असा आवडला की ऑफिसात दोघांना वाचून दाखवला. हॉलंडला तोच पाठवला. त्याच माणसाच्या सांगण्यावरून आयर्लंडचाही एक अर्ज भरून ठेवला, बिझनेस ॲनालिटिक्सचा. म्हणे सध्या त्यालाच मागणी आहे.

हॉलंडहून नकार आला. कारण लिहिलेलं नव्हतं. आयर्लंडचा होकार आला आणि मी पेढे वाटले. पोरगी म्हणाली, "जाऊ द्या पप्पा, हे पण चांगलंच आहे." मी ते खरं धरलं. खरं धरणं सोयीचं होतं.

आता ती तिकडंच एका विमा कंपनीत आकड्यांचे तक्ते करते. रविवारी व्हिडिओ कॉल लावते. मला तब्येत विचारते, आणि मंग आईला म्हणते, "फोन प्लॉटात ने ना." बायको फोन एकेका झाडाजवळ धरते. तिकडून पोरगी सांगते, "ही उद्या फुलंल. ही न्हाई." बराबर सांगते.

गेल्या महिन्यात तिनं कसलंसं सर्टिफिकेट मागितलं म्हणून मी धावड्याला कपाटातली तिची फाइल उघडली. सर्टिफिकेटाखाली तो कागद होता. माझी लाल रेघ, माझंच अक्षर. पोरीनं तो जपून ठेवला होता.

बायको संध्याकाळच्या कामाला निघाली होती. म्हणाली, "काय हाय ते?" मी म्हणालो, पोरीचा निबंध. "काय लिव्हलंय?" आता काय सांगणार? मी इंग्रजीतलं मराठी करत वाचलं. "माझी पहिली शिक्षिका माझी आई. उद्या कोणती कळी फुलणार हे तिला आज कळतं. ते कशावरून कळतं, हे तिला सांगता येत नाही. तेवढं मला शिकायचं आहे, म्हणजे परत येऊन मी तिला ते सांगू शकेन."

ती दारातच बसली. म्हणाली, "हे पाठवलं होतं?"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो? भ्यालो. दुसरं काही न्हाई.

"मंग माझ्यामुळंच राह्यलं की तिचं," ती म्हणाली. "अडाणी आईचं कशाला लिव्हलं तिनं? तुम्ही तरी काढायला सांगायचं."

ओरडायची सवय असलेल्या माणसाला हळू बोलायला किती जोर लागतो, ते त्या दिवशी कळलं. म्हणालो, "न्हाई गं. पाठवलंच न्हाई. मीच काढायला लावलं. मला लाज वाटली."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कागदाकडं बोट करून ती म्हणाली, "ती रेघ मारल्याली जागा परत वाचा."

मी वाचली. या वेळी 'परत येऊन'पाशीच थांबलो.

तिनं कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि दोऱ्याच्या डब्यात ठेवला. "उजेड हाय तंवर कळ्या बघून येते," म्हणाली आणि डबा घेऊन गेली. मी हाक मारली तिला. तिनं मागं वळून पाहिलं न्हाई.