एकुलतं एक हाड

प्रयोगशाळेत सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं त्यांनी हाताने भिंगं घासली होती. पुढे यंत्रं आली आणि मालकाने काकांना नारळ दिला. नेमका तेव्हाच संग्रहालयाला हाडांचे काप करणारा माणूस हवा होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेलं हाड कापायचं, त्याची चकती काचेला चिकटवायची आणि ओल्या, खरखरीत पुडीवर घासत घासत इतकी पातळ करायची, की उजेड आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली कळतं, ते जनावर भराभर वाढलं की रेंगाळत, आणि मेलं तेव्हा पोर होतं की पुरतं वाढलेलं.

"आधी जिवंतांना दिसावं म्हणून घासत होतो," काका म्हणत, "आता मेलेले दिसावेत म्हणून."

अकरा वर्षं सुरळीत गेली आणि हात थरथरू लागले. बायको घरी कपडे शिवायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "डॉक्टरकडे चला," ती म्हणाली.

"दमलोय जरा," काकांनी वेळ मारून नेली. आतून मात्र ते हबकले होते. त्यांचे थोरले भाऊ कंपवाताने गेले; शेवटी त्यांना घास भरवावा लागायचा, तोही काकाच भरवायचे.

अशातच ते हाड आलं. बोटभर लांबीचं, मांडीचं. बरेच जाणकार म्हणत, हे एका मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या पिल्लाचं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई एकट्याच म्हणत, नाही, हा प्राणी मुळातच लहान. तसं हाड जगात एकच सापडलेलं. कापायची परवानगी मिळायला दोन वर्षं गेली होती.

"काका, हे तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देणार नाही," बाई म्हणाल्या.

त्या रविवारी काकांना अन्न गोड लागलं नाही. सोमवारी यंत्राने काप नीट पडला, चकती काचेला चिकटली. घासायला घेतली आणि काकांनी ती हळूच खाली ठेवली.

"बाई, माझ्याच्याने नाही होणार." त्यांनी हात पुढे केले.

बाईंनी ते आपल्या हातात घेतले. "किती दिवस झाले?"

"चार महिने."

"आणि आज सांगताय!"

"घरी तरी कुठे धड सांगितलंय."

बाई चिडल्या. खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या आणि बाह्या वर सारल्या. "मी घासते. तुम्ही शेजारी बसा. चुकले तर हात धरा."

"हात कशाला, कान आहेत ना."

काकांनी डोळे मिटले. पुडीची खरखर सुरू झाली. "दाब कमी... डावीकडे जास्त बसतंय... आता बारीक पूड घ्या." बाहेरची कडा सर्वांत नाजूक, आणि निकाल तिच्यातच दडलेला. तीन तासांनी आवाज रेशमासारखा झाला. "थांबा!" काका ओरडले.

बाईंनी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली.  काका खुर्ची सारून जवळ आले.

"कडा गेली का?"

"जागच्या जागी आहे. तुम्हीच बघा."

दरवर्षी वाढ थांबल्याची एकेक रेघ. आतल्या रेघा ऐसपैस, मग जवळजवळ, आणि कडेला अगदी दाटीवाटीने. म्हणजे वाढ संपलेली.

"नऊ वर्षांचं होतं, काका! पिल्लू नव्हतं!" बाईंचा आवाज चिरकला. मग डोळे पुसत त्यांनी फोन उचलला. "आता तुमच्या घरी मीच सांगते."

दुसऱ्याच दिवशी बायकोने काकांना दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, आणि चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "कंपवात नाही. थायरॉइड वाढलाय. गोळ्या घ्या, थरथर थांबेल."

"नक्की?" काकांनी दोनदा विचारलं.

"नक्की."

बाहेर आल्याबरोबर बायको कडाडली, "चार महिने एकटेच उरावर घेऊन फिरलात! मी काय शोभेला आहे?"

काका हसायला गेले आणि रडलेच. दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसले. ती तणतणत होती, पण तीही शेजारी टेकली.

"अहो, उठा, बस आली."

"जाऊ दे. पुढची पकडू."

पुढचीही गेली. दोघं बसून राहिली.